तनूबाचा उपास

तोबे महिना, २१

आजही तनूबाने भाकर परत पाठवली. तशीच! वाळकी, मी पहाटे पाण्यात भिजत घातलेली, वर चिमूटभर मीठ. सगळ्या पंगतीने माना खाली घालायच्या, असा इथला नियम — पण सगळ्याजणी चोरून तिच्याकडेच बघत होत्या. मठप्रमुख अम्मा ताखोम म्हणाल्या, "बघा आणि शिका."

काय शिकायचं? ईस्टरआधीचा थोरला उपास अजून लांब आहे. आमच्या नियमात प्रत्येकीला रोज जेवण आहे, आजारी बाईला वेगळं कालवण आहे. मठ उभारणारे काही खुळे नव्हते!

फुटक्या रांजणाच्या खापरीवर चुलीच्या काजळीने हे लिहितेय. स्वयंपाकघरात खापऱ्या कोण मोजतं!

तोबे, २३

राग गिळायला शिक, म्हणतात. गिळला. पचत नाही.

तोबे, २८

शहरातून श्रीमंत बायका आल्या. धूप आणला, तेलाचे बुधले आणले. अम्मांनी तनूबाला विणायच्या मागावरून उठवून दारात उभं केलं. बायका तिच्या झग्याला हात लावून कपाळाला लावत होत्या. एकजण रडली. तनूबाच्या पायांवर सूज आहे, ती कोणालाच दिसली नाही? मला तर चुलीपासून दिसली!

मेशिर महिना, २

दिवसभर वारा. डाळीतही वाळू.

दुपारी तनूबा मागावरच कलंडली. मी धावले. तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावला. कामावर बोलायची बंदी गेली खड्ड्यात! म्हटलं, "अगं, डाळीचं पाणी तरी घे. मी कोणाला सांगत नाही."

तर म्हणते, "ताई, आता कशी थांबू? अम्मा म्हणाल्या, तुझ्यामुळे मठाचं नाव झालं."

म्हणजे तिला थांबायचंय! पोरीला भूक लागलीय, आणि आम्ही तिच्याभोवती स्तोत्रं म्हणतोय! संध्याकाळच्या प्रार्थनेत माझे दात आवळलेले होते.

मेशिर, ३

भर पंगतीत उठून बोलले. "अम्मा, ही मरेल. तिला खायला सांगा. तुमचं ऐकेल ती."

अम्मांनी आवाजही चढवला नाही. "ताएसे, हा तुझा मत्सर बोलतोय."

मत्सर! त्या सुजलेल्या पायांचा?

शिक्षा झाली. स्वयंपाकघर काढून घेतलं. आता धाग्यासाठी जवसाच्या काड्या कुटायच्या, जेवणाच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं, आणि माझ्याशी कोणी बोलायचं नाही. फाटकावरची म्हातारी कायरा माझी इतक्या वर्षांची मैत्रीण. तीही तोंड फिरवून गेली.

मेशिर, ५

कुटतेय. काड्या बऱ्या, मोडतात तरी.

मेशिर, ७

रविवार. नदीपलीकडच्या पुरुषांच्या मठातून अब्बा पामिन प्रभुभोजन द्यायला आले. मी अंगणातच त्यांच्या वाटेत आडवी झाले. "अब्बा, आत एक पोर उपाशी मरतेय, आणि आम्ही तिला संत म्हणतोय!"

म्हातारा थबकला. तनूबाला बाहेर बोलावलं. "पोरी, तुला जेवायचंय का?"

तिने अम्मांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "नाही अब्बा. मला भूकच लागत नाही. ताएसेताई उगाच मागे लागते. अन्न घेऊन मोह घालते."

मोह घालते! माझ्या तोंडावर! तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली — देवा, खरंच वाटली.

अब्बा तिच्या पायांकडे बघत राहिले. अम्मांना म्हणाले, "हिला खाऊ घाला. माझी आज्ञा समजा." अम्मा वाकून म्हणाल्या, "जशी आपली आज्ञा." अब्बांची नाव नदी ओलांडते न ओलांडते तोच शहरातल्या बायका आल्या. तनूबा पुन्हा दारात उभी!

मी त्यांच्यासमोर त्यांचाच तेलाचा बुधला उचलला आणि उंबऱ्यावर आपटला.

मेशिर, ८

हाकललं. कोठीतून माझे जुने कपडे काढून दिले, मी ज्यात आले होते ते. अजून निळे आहेत. अंगात येत नाहीत. कायराने अडसर काढला. तनूबा मागावर होती, मान वर केली नाही.

आता नावाड्याच्या झोपडीत आहे. नावाड्याच्या बायकोने मासे पुढे ठेवले. रागारागात सगळे खाल्ले. मरू दे त्या पोरीला! तिला संतच व्हायचंय ना, होऊ दे! सकाळी पहिल्या नावेने भावाकडे जाते.

मेशिर, ९

नाव चुकली. मी वल्हेकऱ्याला पैसे देत होते, तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवर कोणीतरी बसत उठत, बसत उठत येताना दिसलं. अंगात लहान मुलीचा पिवळा झगा, मठात येताना घातलेला असणार, तोही ढगळ होत होता. पाठीमागे कायरा, तिचा दंड धरून.

माझ्याजवळ येऊन तनूबा म्हणाली, "ताई, खायला काय आहे?"