साध्याच या

दुसरबीड,
६ नोव्हेंबर २०२४

चि. गोकुळ यास,
स. आ. वि. वि.

भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस आणि जेवून दीडच्या गाडीला निघूनही गेलास. बोलायचं राहिलंच. फोनवर तू 'हाव' आणि 'बरं' याच्यापुढे जात नाहीस, कारण आई शेजारी कान देऊन बसलेली असते. इकडे माझ्या बाजूला सासूबाई. म्हणून हे पत्र. मला अंगणवाडीच्या रजिस्टरांमुळे लिहायची सवय आहे. तुला नसेल तर लावून घे.

दिवाळीआधी चिखलीच्या वधूवर मेळाव्यात मी तुझी धाडच्या संजीवनीशी ओळख करून दिली होती. चौतीस वर्षांची आहे, औषधाच्या दुकानात नोकरी करते, बोलायला नीट वाटली. येत्या सतराला तुम्ही दोघं बुलढाण्यात भेटणार आहात असं तिच्याकडूनच मला कळलं, तुझ्याकडून नाही. हे आठवं ठिकाण. मी आता मोजून थकले रे, तूही थकला असशील. तिघांना भाजीपाल्याची शेती करणारा नको होता, दोघांनी तुझ्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवलं, उरलेल्यांनी कारणही सांगितलं नाही. अडतीस वय काही म्हातारपण नव्हे, पण दिसण्यावर जातात लोक, काय करणार.

तेव्हा आदल्या दिवशी केस काळे कर. कपाळाला डाग पडला तर लगेच पुसून काढ, मागच्या वेळी डाव्या कानावर चार दिवस काळं मिरवलंस. निळा शर्ट घाल. आणि ती काही विचारेल तर दोन वाक्यं जास्त बोल.

आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना? सारं सविस्तर कळव. ताईचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
सुचिता


उंद्री,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईले,
सा. न. वि. वि.

तू म्हणतं म्हणून लिहून राह्यलो. माह्यं अक्षर पाहून हसू नको.

काल गेलतो बुलढाण्याले. केस केले होते, शर्टही निळाच होता. बसस्टँडच्या बाजूच्या हॉटेलात बसलो. ती माह्या आधीच येऊन बसली होती. ताई, खरं सांगू का, बोलायले चांगली हाये. मेथी बाजारात नेईपर्यंत कोमेजत नाई ते कसं, हे तिनं विचारलं. मंग मी ओल्या पोत्याचं सांगतलं, पहाटं तोडायचं सांगतलं. अर्धा घंटा मीच बोललो असीन. असं आजवर झालं नव्हतं.

पण तिनं लय नटून घेतलं होतं. तोंडाले पावडर, ओठाले लाली, डोळ्याच्या खाली काहीतरी जाडच्या जाड. अन् सेंट एवढा की चहा आणणारा पोरगाही वळून पाहे. तुले तं माहीत हाये, मले सेंटानं डोकं धरते. मी खुर्ची दाराकडं सरकवली, तरी जाईना. कपाळ ठणकाले लागलं.

मंग निघताना मी तिले चांगल्या शब्दात सांगतलं. म्हटलं, माणसाले देवानं जसं केलं तसंच ते छान दिसते, मले हे वरवरचं काही लागत नाई, पुढच्या वेळी साध्याच या. ती चहा ढवळत राह्यली, मंग म्हणे बरं. तीनच्या गाडीनं धाडले गेली. मले वाटते ती खुश झाली असीन, कारण कोणता माणूस असं म्हणते? समदे तं नटलेलीच मागतात.

आईचा गुडघा तसाच हाये. तूर फुलावर हाये. तुह्या मायेचा हात डोक्यावर असू दे.

तुह्या,
गोकुळ


दुसरबीड,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. गोकुळ यास,
स. आ. वि. वि.

पत्र वाचलं. अक्षराला नाही हसले, मजकुराला कपाळावर हात मारून घेतला.

ती खुश झाली हे तुला कोणी सांगितलं? पहिल्याच भेटीत तिच्या तोंडावरच्या पावडरीचा हिशेब घेतलास आणि वर देवाचं नाव पुढे केलंस. देवाने जसं केलं तसं माणूस छान दिसतं, हे तू डोक्याला काळा रंग फासून सांगत होतास. तुझ्या त्या केसांकडे पाहून ती काही बोलली का? नाही ना? मग तुझ्यापेक्षा तिला जास्त समज आहे.

एक गोष्ट सांगते, भाऊजींना कळू देऊ नकोस. मला पाहायला आले तेव्हा मामीने मानेपर्यंत पावडर लावली होती, गालाला लालीही. वीस वर्षं झाली, तुझे भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात की मी हिचा साधेपणा पाहून होकार दिला. मी ताटं वाढत राहते. पुरुषांना साधं म्हणजे काय ते कळत नाही रे. त्यांना न दिसणारं नटणं आवडतं, एवढंच.

मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे, तुझा नाही, या पाहण्या-दाखवण्याचा. तरी मी संजीवनीला वेगळं पत्र टाकते आहे. भाऊ बोलायला कच्चा आहे, मनाने नाही, असं लिहिते. ती पुन्हा भेटायला तयार झाली तर तिचं ऐकून घे. मत देऊ नकोस.

आईला थंडीत पहाटे उठू देऊ नकोस. रागावले म्हणून लोभ कमी झाला असं समजू नये.

तुझी,
सुचिता


धाड,
१२ डिसेंबर २०२४

सौ. सुचिताताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कितीतरी वर्षांनी कुणी हाताने लिहिलेलं माझ्या नावाने आलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी भेटावं आणि मग लिहावं असं ठरवलं होतं.

रविवारी, आठ तारखेला, मी बुलढाण्याला तुमच्या भावाला भेटले. या वेळी काहीच लावलं नाही. घरातली कामं आटोपली, तोंड धुतलं, केस विंचरले आणि बस धरली. त्यांनी मला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, बरं नाही का तुम्हाला. मी म्हटलं बरी आहे. चहा आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. निघताना म्हणाले, अशक्तपणा असेल, शक्तीची गोळी घेत जा. ताई, मी सहा वर्षं औषधाच्या दुकानात गोळ्याच देते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझे वडील मोतीराम सहा वर्षांपासून अर्धांगवायूने खाटेवर आहेत. आई त्याआधीच गेली. दिवसा मी दुकानात असते तेव्हा शेजारच्या आशाबाई लक्ष ठेवतात, बाकी सगळं माझ्याकडे. रात्रीतून दोनदा त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. डोळ्यांखाली जे आहे ते त्या जागरणाचं. हाताला फिनेलचा वास असतो, तो साबणाने जात नाही. चार वर्षांपूर्वी मला पाहायला आलेल्या एका बाईंनी आमच्या घरात पाऊल ठेवलं आणि नाकाला पदर लावला. चहा घेतला नाही. त्या दिवसापासून मी सेंट लावते. त्याचा वास जास्त होतो हे मलाही कळतं, पण कमी किती करावा याचा अंदाज राहिलेला नाही.

मी सुंदर दिसावं म्हणून पावडर लावत नाही. दमलेली दिसू नये म्हणून लावते. दमलेल्या बाईला लोक प्रश्न विचारतात, आणि उत्तर द्यायला अंगात बळ नसतं.

तुमचे भाऊ वाईट नाहीत. मेथीविषयी बोलतात तेव्हा फार चांगले वाटतात. पण मी जिथे जाईन तिथे बाबा येतील, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं की माणसं घड्याळ पाहू लागतात, आणि ते पाहायचं मला पुन्हा नको. तेव्हा त्यांनी थांबू नये, एवढं तुम्हीच सांगा.

तुमच्या आपुलकीबद्दल ऋणी आहे. ओळख विसरू नये, ही विनंती.

आपली,
संजीवनी


दुसरबीड,
१७ डिसेंबर २०२४

चि. गोकुळ यास,
स. आ. वि. वि.

सोबत संजीवनीचं पत्र जसंच्या तसं पाठवते आहे. तिला न विचारता पाठवते, हा दोष माझा. पण मी माझ्या शब्दांत सांगितलं असतं तर तू 'बरं' म्हणून मोकळा झाला असतास.

मी काही सुचवणार नाही. आईला वाचून दाखवायचं की नाही, तुझं तू ठरव. एवढंच लक्षात ठेव की होकार दिलास तर एका माणसाला नाही, दोघांना द्यावा लागेल, आणि दुसऱ्याचं अंथरूण रोज धुवावं लागेल. दया आली म्हणून जाऊ नकोस. दया तीन महिने टिकते. आपल्या बाबांचं आठ महिन्यांचं दुखणं आठवून बघ.

दोन दिवस मलाही झोप नाही. ताईची आठवण ठेव.

तुझी,
सुचिता


उंद्री,
२१ जानेवारी २०२५

ती. ताईले,
सा. न. वि. वि.

महिना झाला, मी काही कळवलं नाई. तुह्या दोन फोनवर नुसतं 'बरं हाये' म्हटलं. रागावू नको. मले मांडून सांगता येत नव्हतं.

ते पत्र मी वावरात नेलं अन् मोटर चालू होती तोपर्यंत तीनदा वाचलं. लाज वाटली, ताई. गोळी घ्या म्हटलं मी तिले. तिनं माह्यं ऐकलं, जसं मी मागतलं तशी ती आली, अन् मी तिले बिमार ठरवलं. पुढं आठ-दहा दिवस मी काहीच केलं नाई. केसही केले नाईत. काही नेम धरला होता असं नाई, मनच नव्हतं. कानाजवळ बोटभर पांढरं वर आलं तवा आईनं विचारलं, काऊन रे, कुठी जायचं नाई का आता. मंग मी तिले पत्र वाचून दाखवलं.

आई मेथीच्या जुड्या बांधत होती, बांधतच राह्यली. मले वाटलं नाई म्हणून राह्यली. मीही विषय सोडला. दुसऱ्या दिवशी जेवताना आपणच बोलली. म्हणे, तुह्या बाबाच्या दुखण्यात मी सुपारीच्या कार्यक्रमाले गेली होती, तं शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडं बसली. मले घरी येईपर्यंत समजलं नाई काऊन उठली ते. हे तिनं आपल्याले कधी सांगतलं नव्हतं. मंग म्हणे, धाडले कवा जायचं.

मी संजीवनीले फोन केला. पत्र वाचल्याचं सांगून टाकलं. तिनं तुह्यावर राग धरला नाई. मंग म्हणे, या, पण घर जसं हाये तसं हाये.

परवा रविवारी गेलो. एका खोलीत तिच्या बाबाची खाट, आत एक छोटी खोली, मागं चूल अन् न्हाणी. वास होता, ताई. नाई म्हणणार नाई. आपल्याही घरी असाच होता. आई सरळ जाऊन खाटेजवळ बसली अन् गावाची, पिकाची विचारपूस करू लागली. म्हाताऱ्याची जीभ जड हाये, पण समजते त्याले समदं. संजीवनी पोहे कराले उठली तं आईनं तिचा हात धरून तिच्याकडं नीट पाह्यलं अन् म्हणे, पोरी, पोहे राहू दे, तू एक घंटा आडवी हो, मी बसते इथं. ती नाई म्हणे, पाहुण्यासमोर कसं म्हणे. आईनं ऐकलंच नाई. आत नेऊन निजवलं तिले, अंगावर चादर टाकली.

ती जे झोपली ते तीन घंटे. आम्ही दोघांनी मिळून म्हाताऱ्याची कूस बदलली. बाबाच्या वेळची सवय हात विसरले नाईत. मंग मी त्याची दाढी केली. गाल आत गेले हायेत, तं बोटानं कातडी ताणून करावी लागते. झाल्यावर त्यानं चांगला हात गालावरून फिरवला अन् हसल्यासारखं केलं.

मधात मी पाणी आणाले उठलो तं आतलं दार अर्धं उघडं होतं. ती पार बेशुद्धावानी झोपली होती, तोंड उघडं, केस तोंडावर. मी दार लोटून घेतलं. आशाबाई येतील, आणखी कोणी येईल, अन् झोपेतही तिले कोणी पाहून काही ठरवावं, हे मले नको वाटलं.

ती उठली तवा ऊन उतरलं होतं. घाबरून बाहेर आली, बाबाकडं पाह्यलं, दाढी पाह्यली, मंग खाली बसली. रडली नाई. मंग चहा टाकला. तवा मी तिले सांगतलं, की पूर्वेकडची खोली रिकामी हाये, त्यात तुमचे बाबा राहतील, मले सवय हाये अन् आईलेही. दया नाई ही, ताई, तूच लिहिलं होतं म्हणून महिनाभर तपासून पाह्यलं. तिनं विचारलं, मी पावडर लावीन, सेंटही लावीन, मले लागते ते, चालीन का. मी म्हटलं लावा, डोकं माह्यं हाये, त्याचं मी पाहून घेईन. त्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली. दात किंचित पुढं हायेत तिचे, मले तोपर्यंत माहीतच नव्हतं.

होकार की नकार, ते तिनं सांगतलं नाई. आम्ही निघालो. ती फाट्यापर्यंत आली, आईले जिपात बसवून दिलं. जिप सुरू झाली तवा खिडकीशी येऊन म्हणे, घरी गेल्यावर त्या खोलीच्या दाराची रुंदी मोजून कळवा, बाबांची खाट साडेतीन फूट हाये.

काल मोजलं. दार तीन इंच कमी भरते. पुढच्या आठवड्यात सुतार अन् गवंडी दोघंही येणार हायेत. तूही दोन दिवस रजा टाकून ये, आई एकटी काय काय पाहीन.

भाऊजींले नमस्कार. आजवर जशी माया केली, तशीच आता दोन माणसांले वाढवून कर, एवढं मागणं हाये.

तुह्या,
गोकुळ