चहाआधीची बैठक

४ जानेवारी, गुरुवार
ठरलं! डाळमिलमध्ये सोमवारपासून संध्याकाळची पाळी. विषय फळ्यावर लिहून ठेवला, गटातल्या बायका आल्या आल्या चहा-बिस्किटं दिली, बोलणं थोडक्यात. सगळ्यांनी "व्हय, व्हय" केलं. अर्ध्या तासात मोकळ्या! गुलबर्ग्याला संस्थेच्या विरुपाक्ष सरांना लगेच फोन केला. म्हणाले, "मैत्रेयी, पाळी नीट सुरू झाली की तुझी नोकरी पक्की." घरी अजून सांगितलं न्हाई. आधी होऊ दे.

८ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी मिलवर मी आणि वॉचमन शरणप्पा. दोघंच. एक बाई आली न्हाई!

९ जानेवारी
कामून? राग यायला पाहिजे, पण नवलच जास्त वाटायलंय. न्हाई म्हणायला कोणी अडवलं होतं का? राजूबाईंना गाठलं — गटात सगळ्यात मोठ्या त्याच. "काम निघालं, पोरी," एवढंच. शिवलीला अक्का तर मला बघून मागच्या गल्लीनं गेली.

११ जानेवारी, गुरुवार
पुन्हा बैठक, पुन्हा "व्हय". आज बोलले कमी, बघितलं जास्त. चहा यायच्या आधी शिवलीला अक्का फळ्याकडं बघून कपाळाला आठ्या घालून बसलेली, शेजारणीच्या कानात काहीतरी चाललेलं. कप हातात आला — आणि मान डोलवायला लागली! अगं बाई!!
जाताना राजूबाईंना धरलंच. पहिल्यांदा टाळलं, मग म्हणाल्या, "तुझा चहा पिऊन तुलाच न्हाई म्हणावं? असं कुठं असतंय का?"
ट्रेनिंगात सांगितलं होतं, सुरुवातीला चहा द्या, लोक मोकळे होतात. मोकळे कसले! मीच त्यांची तोंडं बंद करायलेय. बसस्टँडपर्यंत एकटीच हसत गेले.

१८ जानेवारी, गुरुवार
चहा शेवटी. शरणप्पाला बजावलं — मी सांगेपर्यंत किटली आणायची न्हाई.
बापरे, काय भांडल्या! मराठीत, कन्नडात, सगळं एकदम. "संध्याकाळच्या भाकरी कोण थापणार? तुझे सर?" — शिवलीला अक्का. माझी पाळी पार उडवून लावली. मग त्यांनीच ठरवलं, पहाटं यायचं. चहा कोणाला आठवलासुद्धा न्हाई.
छान वाटायलंय. पण सरांना काय सांगू? संध्याकाळची पाळी मीच मांडली होती.

२२ जानेवारी
शाली गुंडाळून सगळ्या हजर! मिल अंधारातच सुरू झाली. सरांना कळवलं. "बरं. गुरुवारी येतो," म्हणाले. आवाजावरून काहीच कळलं न्हाई.

२५ जानेवारी, गुरुवार
सर आले. भर बैठकीत विचारलं, "मैत्रेयीला इथं कायम करायचं का?" राजूबाई तडक म्हणाल्या, "न्हाई. आमची बैठक आता आम्हीच घेतो. हिला औरादच्या मिलला धाडा. तिथं माझी बहीण हाय, तिथल्या बाया अजून गुमान माना डोलवायल्यात."
सोमवारी औरादला रुजू व्हायचं. पक्क्या नोकरीवर. राजूबाईंचा असा राग आलाय — आणि त्यांना सोडून जाववत न्हाई.