पंख शिवणाऱ्यांची शेड

३ मार्च
शेड रिकामी करा म्हणे! महिनाअखेरीला विमानतळ बंद, सगळं शहराबाहेर, लांब नव्या जागी. आणि आमचं शिलाईकाम? ‘तिकडे तशी सोय नाही.’ कारकुनानं मान वर न करता सांगितलं. आजोबांपासून आम्ही इथे शिवतोय आणि हा कालचा पोरगा — !
दिवसभर कशात लक्ष नाही. भरलेली बॉबिनच पुन्हा भरायला घेतली.

५ मार्च
स्मरणिकेसाठी माहिती घ्यायला ऑफिसातली एक मुलगी आली. बाबांची कळी खुलली. ऐंशी उलटली, तरी हे सगळं तोंडपाठ! आधी नुसतं माळरान. तिथे एक विमान उतरलं आणि कुंपणाच्या तारेत पंख फाटला. तेव्हा पंख कापडाचे! वैमानिक फाटका तुकडा घेऊन शिंप्याकडे, म्हणजे आमच्या आजोबांकडे. आजोबा म्हणाले, ‘माप कुणाचं घेऊ?’ पण शिवून दिलं आणि ही शेड मिळाली. मग युद्ध — बाबा पोरवयात पॅराशूटच्या रेशमात बुडालेले. पुढे धातूची विमानं आली, पंखांचं काम संपलं. राहिले पडदे, खुर्च्यांचे अभ्रे आणि खांबावरची ती लांब कापडी बाही, वैमानिकाला वारा कुठून येतोय ते दाखवणारी. गवताचं काँक्रीट झालं, पत्र्याच्या खोलीची काचेची इमारत झाली. बाही आहे तशीच.
मुलगी खूश. जाता जाता तिनं बाबांना विचारलं, “आजोबा, तुम्ही किती वेळा उडालात?”
बाबा चष्मा पुसायला लागले.
कसले उडतात! वैमानिकानं आजोबांना एक फेरी मारायला बोलावलं होतं, तर म्हणाले, ‘टाका कुठे कच्चा आहे ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. तुम्ही जा.’ तेव्हापासून घरात तेच वाक्य. धाकटी बहीण सोडली तर आमच्यात विमानात कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

८ मार्च
धाकटीचा फोन. हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. नेहमीसारखी चेष्टा करत होती, शेवटी रडायलाच लागली. “ताई, बाबांना घेऊन ये गं. दोघंही या. मला भीती वाटतेय.”
ती तिकडे बेटावर, आणि बोट कधीच बंद पडलेली. किती वर्षं झाली तिला बघून! जन्म विमानांच्या दारात काढला आम्ही — दिव्याखाली अंधार.

९ मार्च
बाबा म्हणाले, “मी नाही येणार.” एवढंच.

१२ मार्च
दोन तिकिटं काढली, इथल्या शेवटच्या दिवसाची. नवा विमानतळ म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी. बाबांना झेपायचं नाही. आत्ता नाही तर कधीच नाही.
त्यांना चांगलं फैलावर घेतलं. “रोज एवढी माणसं जातात! तान्ही लेकरं जातात मांडीवर झोपून! पोटच्या पोरीपेक्षा आजोबांचं वाक्य मोठं?” फारच बोलले. बाबा मान खाली घालून जेवले.

१७ मार्च
बाबा आज धाकटीशी एकटेच बोलले. फोन ठेवला आणि म्हणाले, “माझा स्वेटर काढून ठेव.”
जिंकले! स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२१ मार्च
बाबांची बॅग भरली. “आणि तुझी?”
“भरते की! आधी शेड नको आवरायला?”
खांबावरची बाही फाटलीये, नवी शिवायला घेतली. ऑफिसवाले हसतात — आता कशाला? म्हणजे शेवटचं विमान फाटक्या चिंधीकडे बघून उडणार?

२५ मार्च
झोप नाही. बाबांची काळजी, दुसरं काय! बाही उसवली, परत शिवली, परत उसवली. बाबा शेजारी येऊन बसले. “टाके चांगले आहेत गं. किती उसवशील?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बॅग भरलीस?”
खेकसले त्यांच्यावर. उगाच.

३० मार्च
बाही चढवली. वाऱ्यानं टम्म फुगली. बॅगही भरली एकदाची. बाबा खुशाल घोरताहेत!

३१ मार्च
बाबा उडाले. एकटे.
मी विमानाच्या शिडीपर्यंत गेले आणि पाय उचलेनात. “बाबा, मला नाही जमत” — मी म्हणाले हे, मी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, “ठाऊक आहे. बाही उसवत होतीस तेव्हाच कळलं. भ्यायलोय मीपण. पण आधी कुणीतरी बघून यायला हवं ना?” पाठीवर हात फिरवला, कठडा धरला आणि चढले. विमानातल्या मुलीनं वरून हात दिला.
विमान सुटलं तेव्हा मी बाहीचा खांब घट्ट धरून उभी होते. डोळे मिटून.

३ एप्रिल
ऑपरेशन नीट झालं. फोनवर बाबा — “पंखाशेजारीच बसलो होतो. सगळा पंख नीट बघितला. कुठेही शिवण नाही गं पोरी. ये तू.”
बॅग अजून उघडलेली नाही. नव्या विमानतळाची बस कुठून सुटते ते विचारून आले.