सोडे नेणारी मांजर

मोरू, तू पाठवलेल्या कोलंबीच्या सोड्यांत वाळू होती. मला ते धुऊन पुन्हा वाळत घालावे लागले. बाकी तुम्हा सगळ्यांना ताईचा आशीर्वाद. रत्नागिरीत लेकीकडे माझं बरं चाललंय. तुझा गुडघा काय म्हणतो?

ते सोडे गच्चीवरून रोज थोडे थोडे कमी व्हायचे. मी शेजारणीला चार शब्द सुनावले. योगिनी म्हणाली, मांजर असेल. या नातीकडे पत्त्याच्या पानाएवढा उघडा कॉम्प्युटर आहे. महिनाभर त्यावर नुसता दिवा लुकलुकवत बसली होती. आता त्याला कॅमेरा जोडला. समोर काही हललं की फोटो निघतो.

काल फोटो बघून म्हणाली, "आजी, ही मांजर लुगडं नेसते."

मीच होते रे. पदरात सोडे घेऊन जिन्याकडे निघालेली. पिठाच्या डब्यात सापडले सगळे. तिथे कधी ठेवले, मला काही म्हणता काही आठवत नाही. योगिनीला गप्प बसवलंय.

शिमग्यात माझी बोरमाळ गेली, तेव्हा मी तुझ्या बायकोला चोर म्हटलं होतं. तुमच्याकडच्या माझ्या खोलीतले डबे उपडे करून बघा, तांदळाचा आधी.

उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या आवडाबाईनेच लिहायचं, शिव्या घालून लिहिलं तरी चालेल.