हातापासून मेंदूपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

सेबॅस्टियन अंकल वाचले. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

वय चौऱ्याहत्तर. पोर्टातले निवृत्त क्रेनवाले, राहणार गिरगाव. आतड्यात गाठ, आणि हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के. भूल विभागातल्या माझ्या सीनियर, लविना मॅडम, शेजारच्या ऑपरेशन थिएटरात जाता जाता बजावून गेल्या होत्या – "थोडंसं दे आणि थांब. अनुजा, थांब!" ते दुधासारखं पांढरं, शिरेत जाताना जळजळणारं भुलीचं औषध चार एमएल दिलं. अंकल टक्क जागे! नेहमीचा पेशंट अर्ध्या मिनिटात झोपतो. मी मनात तीस मोजले, तरी छताकडे बघतायत. लिफ्टचं बटण दोनदा दाबणारी बाई मी! आणखी चार दिलं.

मग पहिला डोस पोचला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. वरचं ब्लडप्रेशर चाळीस! मनगटाला नाडी नाही, मानेला अगदी बारीक. मॅडम धावत आल्या, भराभर औषधं दिली, चार मिनिटांनी प्रेशर वर आलं. ऑपरेशन रद्द.

भुलीच्या कागदावर मी लिहिलं – चार एमएल, एकदा. मॅडमनाही तेच सांगितलं.

४ फेब्रुवारी

दिवसभर हॉस्टेलवर पुस्तक घेऊन बसले. परीक्षेला हे सगळं घडाघडा लिहिलं होतं की मी!

औषध हाताच्या शिरेत सोडायचं. तिथून ते हृदयात, मग फुफ्फुसांत, परत हृदयात आणि मग मेंदूत. नेणारं कोण? हृदयच. ते थकलेलं असेल तर औषध सावकाश पोचतं. आणि पोचलं की करतं काय – रक्तवाहिन्या सैल सोडतं, हृदयाचा जोर कमी करतं. म्हणजे जे हृदय उचलून आणतं त्यालाच खाली बसवतं! तरी ते आणतंच. धडधाकट हृदय हा धक्का गुपचूप पचवतं, कोणाला कळतही नाही. दोन वर्षांत शेकड्यांनी माणसं झोपवली मी. एकदाही नवल वाटलं नाही. आज अंगावर काटा आला.

६ फेब्रुवारी

वॉर्डात गेले. अंकलची मुलगी सबीना विचारते, "डॉक्टर, पप्पांचं ऑपरेशन आता कधी?" सर्जनसाहेबांना विचारते म्हटलं आणि सटकले.

९ फेब्रुवारी, सोमवार

सर्जनसाहेबांनी मीटिंगमध्ये माझाच कागद वाचून दाखवला. "चार एमएलला कोसळलाय. परत भूल दिली तर टेबलावरच जाईल. अनफिट!"

झालं. गाठ राहणार. औषधांवर जितके महिने निघतील तितके. साहेबांनी सबीनाला हे अंकलच्या खाटेपाशीच सांगितलं, तेव्हा मी मागे उभी होते. ती रडली, वर मलाच थँक्यू म्हणाली – त्या दिवशी पप्पांना वाचवलंत म्हणून!

खोटं मी लिहिलं आणि दुबळं ठरलं त्यांचं हृदय. ते तर दोन डोस झेलून पुन्हा उभं राहिलंय! हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मला माझीच किळस येतेय.

१० फेब्रुवारी

सांगितलं. मॅडमच्या केबिनमध्ये, उभ्याउभ्या.

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कागद पुढे सरकवला – "जुनं खोडू नकोस. खाली आजची तारीख, वेळ घालून खरं लिही. आणि सर्जनना तू सांगायचंस." सांगितलं. चौकशी बसणार. तोवर मी औषधाला हात लावायचा नाही.

अंकलची तपासणी मात्र नव्याने होणार!

१२ फेब्रुवारी

फिट. जोखीम आहे, पण फिट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं! गाठ निघाली!!

औषध मॅडमनी दिलं – या वेळी दुसरं, हृदयाला त्यातल्या त्यात कमी त्रास देणारं. अगदी थोडं, अगदी हळू. मला एवढंच सांगितलं, "नाडीवर बोट ठेव आणि थांब."

तीस सेकंद. चाळीस. अंकल जागेच. माझ्या बोटाखाली ती नाडी, बारीक पण नेमाने चाललेली. औषध त्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडं थोडं पुढे सरकत होतं. मॉनिटरवर हे सगळे आकडे रोज बघते मी, पण असं कधी वाटलं नव्हतं. देवळात गेल्यावरही वाटत नाही. साठ. सत्तर. पापण्या मिटल्या. नाडी जराशी मऊ झाली – आणि परत भरून आली. मी रडत होते. मास्क असतो ते बरं.

२१ फेब्रुवारी

आज अंकलनाही सांगितलं. ते बसून पेज पीत होते. "त्या दिवशी औषध मी दोनदा दिलं होतं. चूक माझी होती."

"म्हायत हाय गो बाय. हाताला दोनदा आग झाली, तवा जागाच होतो ना मी."

मी विचारलं, मग साहेब ऑपरेशन होणार नाही म्हणाले, तेव्हा तरी का नाही बोललात?

"बोललो असतो तर तुझं डॉक्टरपण गेलं असतं. माझी काय, चौऱ्याहत्तर झाली."