भिंतीतला धाडकन आवाज

बुधवार, १२ जून २०१३, पनवेल

कामोठ्याच्या जाऊबाईंची परवा फोनवर पुन्हा तीच तक्रार. तक्रार कसली, मिरवणंच ते! “अगं, आमच्या नळाला फोर्स इतका, की बंद केला की भिंतीत धाडकन आवाज होतो.” आणि आमच्याकडे करंगळीएवढी धार!

काल मी हट्टाने पंप बसवून घेतला. आज नळ बंद केला, तर आमच्याही भिंतीत धाडकन! काय बरं वाटलं!

प्लंबर म्हणाला, “ताई, प्रेशर जास्त झालंय. कमी करायचा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर गिझरचा पाइप फुटेल.” हे म्हणाले, उद्याच लावू. मी म्हटलं, सोमवारी. का ते सांगितलं नाही.

रविवारी जाऊबाई जेवायला येणार आहेत. हात धुवायला मीच त्यांना नळापाशी नेणार. तोवर पाइप टिकू दे रे देवा.