मजल्यावरची देवी

३ मार्च
घोडपदेवची खोली मनासारखी मिळाली. चाळीचा दुसरा मजला, हवा भरपूर, परळचं इस्पितळ टॅक्सीने दहा मिनिटांवर. माझा मुलगा निलेश सामान लावून चिपळूणला परतला. आई सांभाळून राहील, हे त्याला तीनदा पटवावं लागलं. माझा ल्युकेमिया सावकाश चालणारा. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी रग्गड आहेत, पण लढणारी एक नाही. दुसऱ्याचा साधा संसर्गही जिवावर बेतेल. ताप किंवा पुरळ दिसलं की लगेच इस्पितळ गाठायचं. शेजारच्या बकुळाबाई सोलकढी घेऊन आल्या आणि पाच मिनिटांत मला मालनताई करून टाकलं. बाई गोड आहेत.

८ मार्च
इथे दिवसा दार लावलं की माणसं दुखावतात. मी लावते. बकुळाबाईंनी जिन्यात ऐकवलं, आमचा विटाळ होतो वाटतं हिला. डोकं फिरलं, पण दार बंदच ठेवलं.

१४ मार्च
त्यांच्या सुनेला, मेघनाला, कांजिण्या आल्यात. तसं म्हणायचं नाही. देवी आली म्हणायचं. डॉक्टर नाही, औषध नाही. देवीने मजल्यावरच्या प्रत्येक घरी जायचं, असा यांचा रिवाज. मी आतून हात जोडले, कारण सांगितलं. बकुळाबाईंनी दार लोटलं आणि मेघनाचे हात माझ्या डोक्यावर ठेवले. म्हणाल्या, "बाय, आता तुझा दुखणा आई नेतली." मेघना बिचारी रडत होती. त्या बाईला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं मला.

१५ मार्च
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढचे काही आठवडे धोक्याचे. भीती वाटते.

२८ मार्च
ताप एकशे एक. हातावर चार फोड. टॅक्सीसाठी उतरताना बकुळाबाईंनी ते पाहिले आणि माझ्या पाया पडल्या. मग बाकीच्या बायका. उचलूनच परत आणलं.

२९ मार्च
बाहेरून कडी. देवीने उंबरा ओलांडायचा नाही म्हणे. बकुळाबाईंनी माझ्या गोळ्या मोरीत ओतल्या. खिडकीतून ओरडले — खालच्यांनी हात जोडले.

३० मार्च
निलेशचा फोन बकुळाबाईंनीच घेतला. आई छान आहे, झोपलीय, असं सांगितलं त्याला. छातीत घरघर —

३१
मालन कुणी म्हणत नाही आता. दाराशी रांग. माझा हात धरून एकेकाच्या डोक्यावर — बकुळाबाई म्हणतात, इस्पितळातून तुझ्यासारखीच एक आणलीय, तिचंही दुखणं ने. जिन्यात आहे. मास्क लावलाय तिने. माझा आवाज फुटत नाही — या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते —

बाई, मागे फिरा, इथे